एस्पेरान्तो शिकताय? मराठी माणसाच्या हमखास होणाऱ्या या चुका टाळा

लुडविक झामेनहोफ या डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७ मध्ये वॉर्सात एस्पेरान्तो ही स्वतः रचलेली भाषा प्रसिद्ध केली. २८ अक्षरं, प्रत्येकाचा एकच उच्चार, मूळ व्याकरण १६ नियमांचं. शिकायला ती खरोखर सोपी आहे. तरीही आपल्याकडचे शिकणारे ठरावीक जागी अडखळतात. काही चुका रोमन अक्षरं दिसताक्षणी इंग्रजी वाचल्यामुळे होतात, तर काही मराठी विभक्तीच्या सवयीमुळे. बहुतेकींवरचा उपाय मात्र मराठीतच सापडतो.

'सी'चा उच्चार

सगळ्यात जास्त गोंधळ या अक्षराचा. ते ना 'स' आहे ना 'क'. चूल, चाक, पाच या शब्दांतला जो च, तोच याचा उच्चार. इथे तो 'त्स' असा लिहितो. डोक्यावर टोपी असलेला दुसरा 'सी' म्हणजे चार, चिमणी यांतला च. हे दोन्ही आवाज आपण लहानपणापासून काढत आलोय, इंग्रजांना पहिला मुद्दाम शिकावा लागतो.

मग चूक कुठे होते? पुढे इ किंवा ए आला की. मोठ्याने म्हणून पाहा: त्याचा, त्याची, त्याचे. 'त्याचा' म्हणताना जीभ दातांपाशी असते. 'त्याची' आणि 'त्याचे' म्हणताना ती नकळत टाळूकडे सरकते. मराठीची ही अंगवळणी पडलेली सवय एस्पेरान्तोत चालत नाही. 'पात्सो' म्हणजे शांतता, हा शब्द आपल्याला पहिल्या फटक्यात जमतो. पण शंभर या अर्थाच्या 'त्सेंत'चं 'चेंत' होतं आणि धडा या अर्थाच्या 'लेत्सिओनो'चं 'लेचिओनो'. याने अर्थही बिघडतो, कारण 'त्सेलो' म्हणजे ध्येय आणि 'चेलो' म्हणजे शरीरातली पेशी. आधी नुसता 'त्' म्हणा, त्याला 'से' चिकटवा आणि हळूहळू वेग वाढवा. 'मी स्त्सीआस', म्हणजे मला माहीत आहे, हे वाक्य भल्याभल्यांना जड जातं. ते 'मीस्‌-त्सीआस' असं तोडून म्हटलं की सुटतं.

बाकीचे उच्चार पटकन सांगतो. 'जे' हे अक्षर नेहमी 'य' वाचा: वर्ष म्हणजे 'यारो'. 'टी' आणि 'डी' दिसले की आपल्या तोंडून टेबल, डॉक्टरसारखे ट-ड निघतात. इथे त-द हवेत, 'ताब्लो' आणि 'दोक्तोरो'. 'अ' हा स्वर या भाषेत नाहीच, त्यामुळे वडील म्हणजे 'पात्रो', 'पत्रो' नव्हे. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कायम शेवटून दुसऱ्या स्वरावर. कुटुंबाला फा-मि-ली-ओ म्हणा, चारही स्वर सुटे. 'फॅमिल्यो' म्हटलं की एक स्वर गिळला जातो आणि आघातही चुकतो.

कर्माचा 'न'

माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे. 'मी पुस्तक वाचतो' यात पुस्तकाला प्रत्यय नाही, 'मी मुलाला बघतो' यात मुलाला आहे. मराठी सहसा माणसांना 'ला' लावते आणि वस्तू मोकळ्या सोडते. म्हणून आपण बिनदिक्कत 'मी लेगास लिब्रो' म्हणून मोकळे होतो. हवं 'मी लेगास लिब्रोन'. (एस्पेरान्तोतही मी म्हणजे मीच.) कर्म सजीव असो वा निर्जीव, त्याला 'न' लागतोच.

भूतकाळात गोंधळ आणखी वाढतो. 'तिने पुस्तक वाचलं' यात मराठी प्रत्यय लावते करणारीला, आणि क्रियापद चालतं पुस्तकाच्या लिंगाप्रमाणे. एस्पेरान्तोत 'शी लेगिस ला लिब्रोन'. काळ बदलला तरी कर्त्याला काही लागत नाही आणि कर्माचा 'न' जागचा हलत नाही. यातला सुटा 'ला' नामाच्या आधी येतो आणि 'ते ठरावीक पुस्तक' असं दाखवतो. आपल्या विभक्तीशी त्याचा संबंध नाही.

'मी मुलाला पुस्तक देतो' यातल्या मुलाला मात्र 'न' लावू नका. वाक्य होतं 'मी दोनास लिब्रोन आल ला क्नाबो'. शंका आली तर वाक्य उलटून पाहा. 'मुलगा बघितला जातो' हे बसतं, तेव्हा बघण्यात 'न'. 'मुलगा दिला जातो' असं म्हटलं तर अर्थच बदलतो, तेव्हा देण्यात 'आल'. 'आहे' या अर्थाच्या 'एस्तास'नंतरही 'न' नको: 'शी एस्तास इन्स्त्रुइस्तीनो', ती शिक्षिका आहे.

विशेषण नामाबरोबर बदलतं हे चांगला-चांगले म्हणणाऱ्या आपल्याला पटकन कळतं. पण 'सुंदर' मराठीत कधीच बदलत नाही, आणि नेमकं 'बेला' तसंच राहून जातं. मी सुंदर फुलं बघतो म्हणजे 'मी विदास बेलायन् फ्लोरोयन्'. अनेकवचनाचा 'य' आणि कर्माचा 'न', दोन्ही दोन्हीकडे.

प्रश्न विचारताना 'का' शेवटी टाकायची सवय सोडा. 'तू येतोस का?' याचं 'चु वी वेनास?' होतं, 'चु' सुरुवातीलाच.

आता 'सीआ'. 'ली प्रेनिस सीआन लिब्रोन' म्हणजे त्याने आपलं स्वतःचं पुस्तक घेतलं. 'लीआन' म्हटलं तर दुसऱ्या कुणाचं. आपला आणि त्याचा यांतला हा फरक मराठी माणसाला समजावावा लागत नाही. मात्र 'मी आपलं काम करतो' म्हणायची मुभा इथे नाही. 'सीआ' फक्त तृतीयपुरुषी, स्वतःसाठी 'मीआ'च. आणि कर्त्याच्या आतही 'सीआ' येत नाही: राम आणि त्याचा भाऊ आले, 'रामो काय लीआ फ्रातो वेनिस'. 'राम आणि आपला भाऊ आले' हे वाक्य रामाच्या भावाबद्दल आपण मराठीतही म्हणत नाही, तेव्हा इथे कानावर खुशाल विश्वास ठेवा.