पाऊच बदलला तरी चिवडा सादळतोच? खाद्यपदार्थांच्या पॅकिंगमधील या चुका टाळा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गिरगावात गृहउद्योग चालवणाऱ्या एक ताई माझ्याकडे पातळ पोह्यांच्या चिवड्याची चार पाकिटे घेऊन आल्या. चारही पाकिटे एकाच दिवशी, एकाच घाण्यातून भरलेली होती. तरी दोन पाकिटांतला चिवडा कुरकुरीत होता आणि उरलेल्या दोन पाकिटांतला सादळून चामट झाला होता. प्लास्टिकच्या बरण्या सोडून पाऊचकडे वळताना त्यांनी हिशेब नीट मांडला होता. ज्या कपाटात शंभर बरण्या कशाबशा मावत, तिथे हजारो रिकामे पाऊच राहतात, लोकलच्या सामानाच्या डब्यातून माल नेताना वजन कमी भरते, तडा जायची भीती नसते आणि गिऱ्हाईकही पाकीट सहज पिशवीत टाकते. हे सगळे फायदे खरे आहेत. मात्र पदार्थ कशाने बिघडतो हे आधी ठरवून त्याप्रमाणे पाऊच निवडला आणि तो नीट बंद केला, तरच ते पदरात पडतात. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ या दोनांपैकी एका ठिकाणी असते.

आम्ही ती पाकिटे पाण्याने भरलेल्या बादलीत एकेक करून बुडवली आणि तळहाताने हलकेच दाबली. चांगल्या दोन पाकिटांतून काहीच आले नाही. सादळलेल्या दोन पाकिटांतून मात्र बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली, आणि तीही दोन्ही पाकिटांत एकाच जागेवरून: पाकिटाच्या पाठीमागची उभी सील जिथे तळाच्या आडव्या सीलला मिळते, त्या सांध्यातून. त्या जागी फिल्मचे दोन पदर असण्याऐवजी चार पदर एकत्र येतात. दोन पदरांना पुरेल इतकीच उष्णता दिली, तर सांध्याच्या कडेला सुईएवढी वाट उरते, आणि मुंबईच्या पावसाळ्यातील दमट हवेला तेवढी वाट पुरते.

जाडी पाहून पाऊच घेणे

मस्जिद बंदर किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात पॅकिंगचे सामान घ्यायला गेलेला नवा व्यावसायिक पहिला प्रश्न विचारतो तो मायक्रॉनचा, म्हणजे फिल्मच्या जाडीचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाऊच बोटांत चोळून पाहायचा आणि जाड लागला की चांगला समजायचा, ही सवय फार रुजली आहे आणि सर्वांत जास्त नुकसान तीच करते. जाडीमुळे पाऊच फाटत नाही आणि उभा राहतो, हे खरे. पण ओलावा आणि प्राणवायू अडवण्याचे काम मुख्यतः फिल्म कशाची आहे यावर ठरते.

साधे पॉलिथिन ओलाव्याला बऱ्यापैकी अडवते, पण प्राणवायूला जवळजवळ मोकळे रान देते. 25 मायक्रॉनच्या साध्या पॉलिथिनमधून एका चौरस मीटरला दिवसाला हजारो घनसेंटिमीटर प्राणवायू आत जातो, तर अवघ्या 12 मायक्रॉनच्या मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा लेप दिलेल्या पॉलिएस्टरमधून जाणारा प्राणवायू एक-दोन घनसेंटिमीटरच्या आसपास असतो. याउलट धातूचा लेप नसलेले पॉलिएस्टर दिसायला चकचकीत आणि कडक असले, तरी ओलाव्याच्या बाबतीत पॉलिथिनइतकेही काम करत नाही. म्हणून चांगल्या पाऊचमध्ये थर वाटून घेतलेले असतात: बाहेर छपाईसाठी आणि मजबुतीसाठी पॉलिएस्टर, मध्ये अडसर म्हणून धातूचा लेप किंवा ॲल्युमिनियम फॉइल, आणि आत सील होण्यासाठी पॉलिथिन.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरीच एक प्रश्न सोडवावा: माझा पदार्थ कशाने बिघडतो? कुरडई, पापड, चिवडा, राजगिऱ्याची चिक्की यांचा पहिला शत्रू ओलावा. तळलेली शेव, चकली, खारे शेंगदाणे यांना ओलाव्याबरोबर प्राणवायूही बाधतो, कारण तेलाला खवट वास त्यामुळेच येतो. मालवणी मसाल्याचा रंग उजेडाने उडतो आणि सुगंध फिल्ममधून हळूहळू निघून जातो. लालबागच्या गल्ल्यांतून मिरची निवडून, भाजून, डंकावर कुटून केलेला मसाला पारदर्शक पिशवीत भरून दुकानाच्या काचेत उन्हात ठेवणे, हे त्या सगळ्या मेहनतीवर पाणी सोडण्यासारखे आहे.

इथेच खाकी कागदाच्या, खिडकी ठेवलेल्या पाऊचविषयी बोलायला हवे, कारण सध्या त्याला फार मागणी आहे. नुसता कागद ओलावा किंवा हवा अडवत नाही. जे काही अडवले जाते ते आतल्या प्लास्टिकच्या किंवा फॉइलच्या थरामुळे. आणि खिडकीच्या जागी तो फॉइलचा थर नसतोच. पदार्थ दिसावा म्हणून ठेवलेली ती खिडकी उजेडाला आणि हवेला आत घेते. लवकर खपणाऱ्या मालाला ती चालेल, सहा महिने टिकवायच्या मसाल्याला चालणार नाही.

पुरवठादाराच्या शब्दावर विसंबायचे नसेल, तर एक सोपी चाचणी घरी करता येते. निळे किंवा नारिंगी सिलिका जेल कढईत मंद आचेवर कोरडे करून, गार करून पाऊचमध्ये भरावे, सील करावे आणि पाऊच न्हाणीघरात टांगून ठेवावा. मग सोनाराकडे असतो तशा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर रोज त्याचे वजन करावे. वजन जितके वाढेल तितके पाणी आत गेले, इतका साधा हिशेब आहे. दोन पुरवठादारांचे पाऊच शेजारी शेजारी टांगले की आठवडाभरात उत्तर मिळते.

सील: दोष ओळखावा कसा

उत्तम लॅमिनेट, म्हणजे असे थर एकत्र चिकटवलेला पाऊच, घेऊन ते हाताने दाबायच्या छोट्या सीलरवर घाईघाईने बंद करणे, ही दुसरी मोठी चूक. सीलला तीन गोष्टी लागतात: उष्णता, दाब आणि वेळ. यांपैकी एक कमी पडली की दुसरी वाढवून भागवण्याचा मोह होतो, आणि तिथून बिघाड सुरू होतो.

सील दोन्ही हातांनी ओढून पाहावी. ती स्टिकरसारखी अलगद सुटून आली, तर उष्णता किंवा वेळ कमी पडला आहे. सीलच्या आतल्या कडेला फिल्म कडक होऊन काडकन तुटली, तर उष्णता जास्त झाली आहे. ओढताना सील न सुटता बाजूची फिल्म ताणली गेली किंवा फाटली, तर काम चोख झाले असे समजावे. सीलवर सुरकुती दिसत असेल, तर पाऊच सीलरमध्ये सरकवताना दोन्ही टोकांनी ताणून सपाट धरला नव्हता. ती सुरकुती म्हणजे एक नळीच असते. एकाच जागी सील वारंवार जळत असेल, तर सीलरवरची टेफ्लॉनची पट्टी तपासावी. ती जळून काळी पडली की उष्णता सारखी पोहोचत नाही, आणि ही स्वस्तात मिळणारी पट्टी वेळेवर न बदलल्यामुळे मालाची पेटीच्या पेटी परत आलेली मी पाहिली आहे.

मसाल्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. बारीक पूड भरताना फिल्मवर स्थिर वीज तयार होते आणि तिखटाचे कण तोंडाच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. त्यावरच सील मारली, तर कणांच्या जागी फिल्म फिल्मला चिकटत नाही. वरून सील छान दिसते, पण भिंगातून पाहिले की तांबूस ठिपक्यांची रांग दिसते. यावर उपाय म्हणजे सीलच्या जागेच्या खालपर्यंत पोहोचेल असे लांब नळीचे नरसाळे वापरावे आणि सील करण्याआधी तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसावे. तोंडाने फुंकर मात्र मारू नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा आत जातो.

झिप असलेल्या पाऊचविषयी एक गैरसमज नेहमी आढळतो. झिप ही गिऱ्हाइकाने पाकीट उघडल्यानंतरच्या सोयीसाठी असते. झिपच्या वर उष्णतेने सील केली नाही, तर ते पाकीट बंद झाले असे म्हणताच येत नाही.

गिरगावच्या ताईंनी यंत्र बदलले नाही. सीलरचा वेळ थोडा वाढवला, सांधा असलेली बाजू दोनदा दाबण्याची पद्धत पाडली आणि प्रत्येक घाण्यातील पाच पाकिटे बादलीत बुडवून पाहायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे एकही पाकीट परत आले नाही.

गरम माल, भरलेली हवा आणि व्हॅक्यूमचा खोटा दिलासा

गरम चिवडा डब्यात भरू नको, घाम धरेल, असे घरातली मोठी माणसे सांगत आली. पाऊचला तर हे डब्यापेक्षा अधिक लागू आहे, कारण चांगला पाऊच बाहेरचा ओलावा जसा आत येऊ देत नाही, तसा आतला बाहेरही जाऊ देत नाही. पण पावसाळ्यात माल उघड्यावर रात्रभर गार करत ठेवला, तर तो पाऊचमध्ये जाण्याआधीच सादळतो. कोरड्या खोलीत, शक्य तर ओलावा काढणारे यंत्र किंवा एसी लावून, माल खोलीच्या तापमानाला आला की लगेच भरावा.

पाकीट फुगीर दिसावे म्हणून कॉम्प्रेसरची हवा भरणारे काही जण आहेत. त्या हवेत प्राणवायू असतो, ओलावा असतो आणि कधी यंत्राच्या तेलाचा अंशही असतो. भरायचा तर खाद्यपदार्थांसाठीचा नायट्रोजनच भरावा, आणि तोही प्राणवायू अडवणाऱ्या फिल्ममध्ये. साध्या पॉलिथिनमध्ये भरलेल्या नायट्रोजनचा उपयोग टिकत नाही. फुगीर पाकिटे घाट चढून जाणार असतील, तर गॅस बेताने भरावा. मुंबईत समुद्रसपाटीला भरलेले पाकीट महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्यामुळे आणखी फुगते, आणि कच्ची सील तिथेच सुटते.

व्हॅक्यूमबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. गणेशोत्सवात उकडीचे मोदक व्हॅक्यूम पाऊचमध्ये भरून ते बाहेर दोन-तीन दिवस टिकतील असे सांगून विकले जातात, हे अत्यंत धोक्याचे आहे. हवा काढल्याने बुरशी मंदावते, पण प्राणवायूशिवाय वाढणारे जीवाणू उरतातच. त्यांतला बोट्युलिझम घडवणारा जीवाणू तर अशाच हवाबंद, ओलसर आणि आंबट नसलेल्या पदार्थात विष तयार करतो, आणि ते विष वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. उकडीचे मोदक, शिजवलेली भाजी, नारळाचे दूध यांना व्हॅक्यूम पाऊच फ्रीजबरोबर चालतो, फ्रीजऐवजी चालत नाही. असे पदार्थ कपाटात टिकवायचे असतील, तर मोठी उष्णता सोसणाऱ्या खास रिटॉर्ट पाऊचमध्ये साधारण 121 अंश सेल्सिअसला दाबाखाली प्रक्रिया करावी लागते, आणि ते घरच्या कुकरचे काम नव्हे.

कोकम, लोणचे आणि इतर आंबट माल

कोकम सरबताचा अर्क किंवा आगळ पाऊचमध्ये भरणारे वाढले आहेत आणि ते योग्यच आहे. काचेच्या बाटलीपेक्षा वाहतूक कितीतरी हलकी होते. पण आम्ल, मीठ आणि तेल हे तिन्ही लॅमिनेटच्या थरांमधील गोंदावर हल्ला करतात. लोणच्याच्या पाऊचचे थर दोन-तीन महिन्यांनी एकमेकांपासून सुटून कागदासारखे वेगळे होतात, ते यामुळेच. आतल्या थराला सूक्ष्म छिद्र पडले, तर आम्ल फॉइलपर्यंत पोहोचून ते खाते. म्हणून मागणी देताना नुसते मसाल्याचे पाऊच हवेत असे न सांगता पदार्थ, त्यातील मीठ, आंबटपणा, तेल आणि भरतानाचे तापमान हे सर्व लिहून द्यावे, आणि नमुन्याचे पाऊच भरून निदान दोन महिने ठेवून पाहावेत. सरबत गरम भरत असाल, तर नळी-झाकणाचा पाऊच झाकण लावल्यावर थोडा वेळ आडवा किंवा उलटा ठेवावा, म्हणजे नळीचा भागही गरम द्रवाने धुतला जातो. सोडा असलेली पेये साध्या पाऊचमध्ये भरू नयेत.

छपाई आणि कागदपत्रे

एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पॅकेजिंगविषयक नियम 2018 चे आहेत. त्यांनुसार छापील बाजू खाद्यपदार्थाला थेट लागता कामा नये, वर्तमानपत्रात पदार्थ गुंडाळता येत नाही आणि प्लास्टिकमधून पदार्थात उतरणाऱ्या घटकांची मर्यादा किलोमागे 60 मिलिग्रॅम आहे. पुरवठादाराकडून त्या चाचणीचा अहवाल मागणे हा तुमचा हक्क आहे. शंका असेल, तर 1966 मध्ये स्थापन झालेली भारतीय पॅकेजिंग संस्था अंधेरीला आहे, तिथे चौकशी करावी. नव्या पाऊचना रसायनाचा वास येत असेल, तर ते वापरू नयेत. रिकामा पाऊच सील करून तासभर उन्हात ठेवावा आणि उघडताच वास घ्यावा. जो वास नाकाला जाणवतो, तो चिवड्यालाही लागतो.

कचऱ्याचा विचार शेवटावर टाकू नये

26 जुलै 2005 चा पाऊस आणि तुंबलेली गटारे ज्यांनी पाहिली, त्यांना पाऊचचा कचरा कुठे जातो हे वेगळे सांगायला नको. फॉइल आणि प्लास्टिक एकत्र चिकटवलेले लॅमिनेट वेगळे करणे अवघड असल्यामुळे भंगारवाला ते सहसा घेत नाही. ज्या मालाला फॉइलची खरी गरज नाही, त्याला सगळे थर पॉलिप्रॉपिलीनचे किंवा सगळे पॉलिथिनचे असलेले पाऊच मागावेत. ते आता मिळतात आणि फरसाणाच्या अनेक प्रकारांना पुरतात. उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे, म्हणजे विकलेल्या पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे, 2022 चे नियम आपल्याला कसे लागू होतात, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासून घ्यावे.

आणि छापील पाऊचची मोठी मागणी घाईने देऊ नये. कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या ग्रॅव्ह्यूर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर करावा लागतो, त्यामुळे कारखानदार थोडे पाऊच छापून देत नाही, आणि नंतर पत्ता, वजन किंवा किंमत बदलली की उरलेले गठ्ठे माळ्यावर पडून राहतात. पहिला पावसाळा योग्य थरांच्या कोऱ्या पाऊचवर लेबल चिकटवून काढावा. सप्टेंबरअखेर किती पाकिटे परत आली ते वहीत मोजावे, आणि मगच सिलिंडर करायला द्यावेत.