मार्चमध्ये मनालीला जाताय? जाड जॅकेट विकत घेऊ नका

परीक्षा संपल्यावर ग्रुपचं मनालीला जायचं ठरतं आणि सगळे दोन-तीन हजारांच्या जॅकेटमागे लागतात. पुण्यात ते पुन्हा अंगावर चढत नाही. त्यापेक्षा असं करा:

1. आत थर्मल. हे मात्र नवीनच घ्या, अंगाला घट्ट बसणारं. त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात वर पावसाळ्यातलं विंडचीटर. वारा अडला की निम्मी थंडी अडते. विंडचीटर स्वेटरवर सैल बसतंय ना, ते घरीच घालून बघा.

2. बर्फातला सूट आणि गमबूट सोलंगच्या (मनालीजवळ बर्फात खेळायला जातात ते खोरं) वाटेवरच्या दुकानांत भाड्याने मिळतात. भाडं आधी ठरवा, चेन लावून बघा आणि बुटात हात घालून अस्तर कोरडं आहे का ते तपासा. ओला बूट दिला तर सरळ बदलून मागा, लाजू नका.

3. स्वेटर आत्ताच कुणाकडून तरी मागून ठेवा. थंडीत रस्त्याकडेला बसणारे तिबेटी स्वेटरवाले मार्चपर्यंत आवरून गेलेले असतात.

4. लोकरीचे मोजे दोन जोड, कानटोपी, हातमोजे. आईची कानटोपी चालेल, फोटोत कोण बघतंय!

फोन आणि पॉवरबँक आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

एक सांभाळा: थर्मलच्या आत सुती बनियन नको आणि बर्फात जीन्स नको. सुती कपडा एकदा भिजला की तिथे वाळत नाही आणि अंगावर गार पडून राहतो.