गेम सबस्क्रिप्शनमध्ये पैसे कुठे वाया जातात? या चुका टाळा

दरमहा पैसे भरून गेम्स खेळायच्या सेवा, म्हणजे गेम पास (मायक्रोसॉफ्टची, एक्सबॉक्स आणि पीसीसाठी) किंवा प्लेस्टेशन प्लस (सोनीची), यांची जाहिरात पाहिली की आधी डोळ्यांत भरतो तो आकडा: शेकडो गेम्स, एका महिन्याच्या पैशांत. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. यादीतल्या सगळ्या गेम्सची किंमत एकत्र केली तर कुठलीही सेवा स्वस्तच वाटणार. पण त्यातले बरेचसे गेम्स तुम्ही एरवी विकत घेतलेच नसते, मग त्यांच्यावर पैसे वाचले असं कसं म्हणायचं?

हिशेब तुमच्या बाजूने मांडा. गेल्या वर्षी मन भरेपर्यंत खेळलेले गेम्स आठवा. त्यातले किती त्या सेवेत होते? आणि सेलमध्ये ते केवढ्याला पडले असते? तुलना सेलच्या किमतीशीच करायची, कारण वर्षभर जुना गेम मोठ्या सवलतीत मिळणं आता नेहमीचं झालं आहे. वर्षाला दोनच मोठे गेम्स खेळणाऱ्याने ते सरळ विकत घ्यावेत. दर महिन्याला नवीन काहीतरी करून बघणाऱ्याला, किंवा घरात वेगवेगळ्या आवडीचे दोन-तीन खेळणारे असतील तर, सबस्क्रिप्शन नक्की परवडतं. वर्षानुवर्षं एकच ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला मात्र ते क्वचितच परवडतं. फोर्टनाइटसारखा फुकट गेम ऑनलाइन खेळायला एक्सबॉक्सवर एप्रिल २०२१ पासून सबस्क्रिप्शन लागत नाही, प्लेस्टेशनवरही लागत नाही. तरीही तेवढ्यासाठी दरमहा पैसे भरणारे आहेत, आणि हे त्यांना कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

वर्षाचे पैसे भरून टाकणं

माझं ठाम मत आहे की या सेवा महिन्याच्या हिशेबाने वापरायच्या. खेळायचे तीन-चार गेम्स सेवेत जमले की एक महिना घ्या, खेळा, बंद करा. परीक्षा, कामाची गर्दी, प्रवास अशा महिन्यांत कन्सोल (एक्सबॉक्स, प्लेस्टेशनसारखं गेम खेळायचं यंत्र) बंदच राहतो, पैसे मात्र कापले जातात. म्हणून पैसे भरल्या दिवशीच ऑटो-रिन्यूअल (मुदत संपली की आपोआप पुन्हा पैसे कापणं) बंद करून ठेवा. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन दोन्हीकडे असं केलं तरी भरलेली मुदत संपेपर्यंत सेवा चालू राहते. वर्षाची योजना स्वस्त पडते हे खरं, पण बाराही महिने खेळणाऱ्यालाच.

नाव बघून योजना घेणं

गेम पास जून २०१७ मध्ये सुरू झाला. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये आपले नवे गेम्स पहिल्याच दिवशी त्यात देण्याचं जाहीर केलं आणि सेवेचं नाव झालं ते त्यामुळे. पण ही सोय प्रत्येक योजनेत असतेच असं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कन्सोलसाठी इसेन्शियल, प्रीमियम आणि अल्टिमेट असे स्तर केले गेले, तेव्हा पहिल्या दिवशीचे गेम्स अल्टिमेटमध्ये राहिले आणि अमेरिकेत त्याची किंमत महिन्याला १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलर झाली. जुन्या किमतीवर बेतलेले सल्ले त्या दिवशी निकालात निघाले. योजना आणि दर बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या दिवसाचा तपशील वाचाच.

सोनीकडे जून २०२२ पासून इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि प्रीमियम आहेत (काही देशांत प्रीमियमऐवजी डिलक्स). इसेन्शियलमध्ये ऑनलाइन खेळणं आणि दरमहा मिळणारे मोजके गेम्स येतात, मोठा कॅटलॉग (सेवेत खेळता येणाऱ्या गेम्सची यादी) एक्स्ट्रापासून पुढे. इसेन्शियल घेऊन कॅटलॉग शोधत बसणं ही नेहमीची फसगत.

गेम आपला झाला असं समजणं

कॅटलॉगमधला गेम करार संपला की निघून जातो. जीटीए ५ गेम पासमध्ये अनेकदा आला आणि गेला. यात खरा फटका बसतो तो डीएलसीचा, म्हणजे मूळ गेमला जोडून वेगळ्या विकल्या जाणाऱ्या जास्तीच्या भागाचा. मूळ गेम सबस्क्रिप्शनमधून खेळता खेळता तुम्ही डीएलसी विकत घेता. गेम यादीतून गेला की डीएलसी तुमच्या मालकीचं असूनही चालत नाही, कारण त्याला मूळ गेम लागतो. म्हणून डीएलसी घेण्याआधी 'लवकरच जाणारे' ही यादी बघा. गेम इतका आवडला असेल तर तो सेवेत असतानाच विकत घ्या. गेम पासच्या सभासदांना त्यावर सवलत आहे का तेही बघा.

प्लेस्टेशनचे मासिक गेम्स वेगळे. ते त्या महिन्यात लायब्ररीत जोडून ठेवले की सभासदत्व असेपर्यंत खेळता येतात, सभासदत्व संपलं की कुलूप लागतं आणि पुन्हा घेतलं की उघडतात. डाउनलोड करायची गरज नाही, नुसते जोडायचे. खेळायला वेळ नसलेल्या महिन्यातही जोडून ठेवा.

पैसे भरले, तरी गेम उघडत नाही

पीसीवर याचं कारण बरेचदा दोन खाती असतात: एक्सबॉक्स अ‍ॅपमध्ये एक आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये दुसरं. दोन्हीकडे सबस्क्रिप्शनचंच खातं ठेवा. ईए प्लेचे (ईए या गेम कंपनीच्या सेवेतले) गेम्स असतील तर ईएचं खातंही जोडावं लागतं. पीएस५ वर गेमवर कुलपाचं चिन्ह दिसलं तर सेटिंग्जमध्ये युझर्स अँड अकाउंट्स, मग अदर, तिथे रिस्टोअर लायसन्सेस करा. एक्सबॉक्सवर नेट गेल्यावर किंवा घरातल्या दुसऱ्याच्या प्रोफाइलवरून गेम उघडत नसेल, तर तो कन्सोल 'माय होम एक्सबॉक्स' म्हणून नोंदवलाय का ते पाहा.

सेव्हचा विचार न करता बंद करणं

सेव्ह म्हणजे गेममध्ये तुम्ही कुठवर पोहोचलात त्याची नोंद. एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह (ही नोंद इंटरनेटवर ठेवणं) फुकट आहे, तिथे काळजी नाही. पीएस५ वर क्लाउडसाठी प्लेस्टेशन प्लस लागतं आणि पीएस५ गेम्सचे सेव्ह यूएसबीवर कॉपी करता येत नाहीत. प्लस नसेल तर ते फक्त कन्सोलवर असतात, तेव्हा त्या काळात जागा करायला म्हणून सेव्ह डेटा उडवू नका. निन्टेंडो स्विच ऑनलाइन (निन्टेंडोच्या स्विच कन्सोलचं सबस्क्रिप्शन) संपल्यावर क्लाउडमधले सेव्ह १८० दिवस राखले जातात, त्याच्या आत परत सभासद झालात तर ते मिळतात. पीसी गेम पासवर अर्धा खेळलेला गेम नंतर स्टीमवर (पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात) घेतला, तर सेव्ह आपोआप तिकडे जात नाही. पुढेमागे स्टीमवरच घ्यायचा विचार असेल, तर लांबलचक गेम गेम पासवर सुरू करण्याआधी हे लक्षात घ्या.