बायोमेडिकलमध्ये पगार नेमका कशावर वाढतो

बायोमेडिकल म्हणजे हॉस्पिटलच्या मशीनची देखभाल-दुरुस्ती. नवीन मुलं विचारतात, "या लाईनमध्ये पैसा आहे का?" आहे, पण कुठल्या मशीनवर काम करता आणि पगार कोण देतं, यावर सगळं अवलंबून. हॉस्पिटलच्या नोकरीत सुरुवात बेताची, पण हाताखालून तऱ्हेतऱ्हेची मशीन जातात. उत्पादक कंपनीच्या सर्व्हिसमध्ये आकडा बरा, पण प्रवास आणि रात्रीचे कॉल त्यातच धरलेले असतात. थर्ड पार्टीकडे, म्हणजे उत्पादक नसलेल्या बाहेरच्या सर्व्हिस कंपनीकडे, शिकायला भरपूर. सर्व्हिस मॅन्युअल मात्र मिळेल तेव्हा मिळेल.

आता ज्यात मी अडकलो ते. पीएम, म्हणजे मशीन बिघडण्याआधीची ठरलेली तपासणी. चेकलिस्ट घ्यायची, बॅटरी बघायची, अलार्म वाजवून बघायचा, स्टिकर लावायचा, पुढचा वॉर्ड. काम चुकीचं नाही, रुग्णाच्या जिवाचंच आहे. पण पीएम मोजता येतं, महिन्याच्या रिपोर्टात छान दिसतं, म्हणून जो ते नीट करतो त्याला तिथेच ठेवतात आणि ब्रेकडाउन सीनियरकडे जातात. बायोडेटावर वर्षं चढत राहतात, हातात काही येत नाही. मग इंटरव्ह्यूला साधा प्रश्न येतो: मॉनिटरवर एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) मधूनच जातं, आधी काय बघाल? पीएमवाला "बोर्ड" म्हणतो. ब्रेकडाउन केलेला माणूस प्रोब स्वतःच्या बोटाला लावतो, कनेक्टरजवळ केबल हलकेच वाकवतो, मग तोच प्रोब दुसऱ्या मॉनिटरला लावतो. बऱ्याचदा मामला तिथेच संपतो, बोर्डाला हातही लागत नाही. पगारातला फरक या दोन उत्तरांमधला आहे. हे परत सांगतो, कारण मलाही सांगितलं होतं आणि डोक्यात शिरलं नव्हतं: पीएम करा, पण दर आठवड्याला एखाद्या तरी ब्रेकडाउनला सीनियरच्या मागे उभे राहा, नाही म्हणाले तरी मागा. तक्रार काय होती, काय तपासलं, निघालं काय, हे स्वतःच्या वहीत लिहा. रुग्णाचं नाव त्यात नको. पगाराची बोलणी करताना ही वही कामाला येते.

सीनियरही बघून धरा. "बोर्ड बदल आणि मोकळा हो" म्हणणारा प्रेमळ असेल, पण त्याच्याकडून शिकायला काही नाही. माझ्या मते आठवड्याभराच्या कोर्सची सर्टिफिकेटंही भिंतीवरच शोभतात. आणि व्हिडिओ बघून डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन) उघडू नका. स्विच बंद असला तरी कॅपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असू शकतो. ही मशीन 360 जूलपर्यंत शॉक देतात. तिथे हुशारी चालत नाही.

घाबरवायचा हेतू नाही. इलेक्ट्रॉनिक्स कच्चं असेल तरी चालतं. मल्टिमीटर नीट धरता आला, सर्किट ब्लॉकमध्ये वाचता आलं, की बाकीचं कामातून येतं. दुरुस्तीनंतरची सुरक्षा चाचणी मात्र टाळू नका. त्यासाठी आयईसी 62353 हे मानक आहे. लीकेज करंट (मशीनमधून नको तिथे झिरपणारा करंट) म्हणजे काय हे त्यामुळे डोक्यात बसतं.

मोठा पगार सीटी, एमआरआय, कॅथ लॅब (अँजिओग्राफी करतात ती) यांच्याकडे. तिथली गोम अशी की सर्व्हिस सॉफ्टवेअरची चावी बहुधा उत्पादकाकडे असते, म्हणून फॅक्टरी ट्रेनिंगशिवाय दार उघडत नाही. ट्रेनिंग महाग, त्यामुळे बाँड येतो. बाँड म्हटला की लगेच पळू नका, पण मुदत रुजू झाल्यापासून मोजतात की ट्रेनिंग संपल्यापासून, आणि पुढचं ट्रेनिंग घेतलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते का, हे सही करण्याआधी बघा. सध्या नेटवर्किंग येणाऱ्याला भाव आहे. डायकॉमच्या (स्कॅनच्या इमेज पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) इमेज सर्व्हरवर का जात नाहीत, हे शोधणारे थोडेच.

ऑफर लेटर आलं की ऑन-कॉलचा भत्ता वेगळा आहे की पगारातच धरलाय, हे लेखी विचारा. फोनवर "बघू" म्हणाले, तर तो पगारातच धरलाय असं समजा.