कडधान्य आणि गळिताचं (तेलबियांचं) पीक एकाच रानात घेताय? या चुका टाळा

पोळ्याच्या सुमारास गावोगावी एकच तक्रार कानावर येते: "आंतरपीक परवडत नाही." शेतात जाऊन पाहावं तर दोन पिकं एकमेकांत अशी गुंतलेली की कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) चालत नाही, फवारा कोणता घ्यायचा ते कळत नाही आणि काढणीला मजूर हात लावत नाही. पिकांचा यात काही दोष नसतो. निंदणी, फवारणी आणि काढणी कशी करणार, हे पेरणीआधी कोणी ठरवलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तणनाशकाने. मूग, सोयाबीन, भुईमूग ही शेंगवर्गीय पिकं इमॅझेथापायर हे तणनाशक पचवतात, कारण ते औषध त्यांच्या अंगात गेलं की मोडून जातं. तिळाला ते पचत नाही. हे साधं गणित ठाऊक नसल्यामुळे उभे प्लॉट हातचे जातात.

चोपड्याकडच्या माझ्या एका भाच्याने तीन ओळी तीळ, तीन ओळी मूग अशी देखणी पेरणी केली होती. उगवण एकसारखी. मग पाऊस लागून राहिला, वाफसा (कामाजोगी ओल) होईना, निंदणीला बाया मिळेनात आणि तण मुगाच्या वर गेलं. दुकानात जाऊन त्याने "मुगातलं तणनाशक" मागितलं. तिळाचं ना याने सांगितलं, ना समोरच्याने विचारलं. पंप पाठीला लावून सरसकट सगळ्या रानात मारून मोकळा झाला. आठवडा होतो न होतो तोच फोन आला, "मामा, तीळ पिवळा पडतोय, झिंक कमी पडलं असेल का?"

बांधावरून पाहिलं तर मूग किंचित पिवळसर झाला होता, पण सावरत होता. तिळाचा शेंडा मात्र आखडलेला, नवी पानं नखाएवढी आणि रंग उडालेली. खालची पानं हिरवीगार होती, म्हणून त्याची आशा सुटत नव्हती. त्याने १२-६१-०० हे विद्राव्य खत फवारलं, वरून टॉनिकही मारलं. शेंड्याची वाढच थांबल्यावर खत काय करणार? पंधरवड्यात तिळाच्या ओळी ओस पडल्या. "आते काय करू, मामा?" मूग तोडून घेतला आणि रान हरभऱ्याला राखलं. त्याच्या मनात रब्बीत मोहरी होती. तो विचार मी सोडायला लावला, कारण या औषधाचा जमिनीत उरलेला अंश मोहरी-सूर्यफुलासारख्या पिकांना बाधू शकतो.

माझी सवय सांगतो. दुकानात जाताना दोन्ही पिकांची नावं चिठ्ठीवर लिहून नेतो. डब्याच्या लेबलवर दोन्ही नावं दिसली तरच औषध घरी येतं, नाहीतर कोळपं आणि विळा. तीळ असलेल्या रानात १५-२० दिवसांनी पहिली कोळपणी, तिच्यासोबत निंदणी आणि तिळाची विरळणी. दोन रोपांत १०-१५ सेंटीमीटर अंतर राहिलंच पाहिजे. मजुरी वाचवायला फवारा मारणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो: ज्याला निंदणी जमणार नाही, त्याने तीळ-मूग एकत्र पेरूच नये. तणनाशकाचा पंपही वेगळा ठेवा. ज्वारी-मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून तुरीत नेला की शेंडे वाकडे झालेच म्हणून समजा.

दुसरी चूक म्हणजे तीळ आणि मूग एकाच चाड्यात, म्हणजे तिफणीच्या बी सोडायच्या वाटीत, ओतणं. "मिसळून पेरलं की काम लवकर उरकतं" असं म्हणणारे दर मृगात भेटतात. तिळाचे हजार दाणे जेमतेम तीन ग्रॅम भरतात, मुगाचे त्याच्या दसपट. तिफण हलली की बारीक दाणा खाली सरकतो. मग पहिल्या ओळींना तिळाची गर्दी होते आणि पुढे नुसता मूग. अशा रानात विरळणी कुठे करणार आणि कोळपं कसं घालणार? तिळाला वेगळं चाडं द्या, बी बारीक वाळूत किंवा चाळलेल्या शेणखतात कालवा आणि अडीच सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नका. तूर घ्यायची असेल तर तिफणीमागे सरता (बी सोडायची वेगळी नळी) बांधून ती आपल्या ठरलेल्या ओळीतच पडू द्या. सोयाबीनच्या तीन ओळींना तुरीची एक, हे प्रमाण मला बरं वाटतं. आणि पहिल्या सरीला पेरायला धावू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली जाऊ द्या.

भुईमूग-तुरीत भुईमुगाच्या आऱ्या (शेंग धरणारे देठ) जमिनीत घुसायला लागल्या की कोळपं बंद, मोठं तण हाताने उपटा. त्याच वेळी हेक्टरी २०० किलो जिप्सम झाडाजवळ द्या. वाढणारी शेंग कॅल्शियम भोवतालच्या मातीतून स्वतः घेते, मुळांनी घेतलेलं तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. जिप्सम चुकवलं की पोचट शेंगा वाढतात.

कडधान्य हिरवं दिसावं म्हणून युरिया फेकू नका, मुळांवरच्या नत्र धरणाऱ्या गाठी मंदावतात.

डीएपी खतात गंधक नसतं आणि तेलबियांना ते लागतं, म्हणून मी सिंगल सुपर फॉस्फेट घेतो.

रायझोबियमच्या (या गाठी करणाऱ्या जिवाणूंच्या) पाकिटावर पिकाचं नाव वाचा. सोयाबीनचं हरभऱ्याला चालत नाही.

तापीकाठच्या पाणी साचणाऱ्या खोल काळ्या जमिनीत तीळ नको.

काढणीचं गणितही आधीच मांडा. सोयाबीनला हार्वेस्टर लावायचा असेल तर तूर मधल्या ओळींत न घेता यंत्राच्या रुंदीप्रमाणे पट्ट्यांनी पेरा. मूग ६५-७० दिवसांत तोडायला येतो, जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा जेएलटी-४०८ वाणाचा तीळ साधारण ८५ दिवसांत. म्हणजे मूग तोडताना तिळाची बोंडं भरत असतात. बायांना मुगाच्या ओळींतूनच चालायला सांगा, तिळाला धक्का नको. पुढे खालची बोंडं पिवळी पडली की तीळ कापा, सगळी वाळायची वाट पाहिली तर दाणा रानातच सांडतो. पेंढ्या उभ्याच ठेवा, बोंडं वरून उकलतात. वाळल्यावर ताडपत्रीवर उलट्या करून झटका आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा एकदा झटका, कारण पहिल्या वेळी सगळा तीळ पडत नाही.