सर्टिफिकेशनच्या सरावासाठी ऑपरेटिंग सिस्टिम कशी निवडायची

कोणतं लिनक्स टाकायचं, विंडोज ठेवायचं की काढायचं, हे ठरवण्याआधी परीक्षेच्या अधिकृत ऑब्जेक्टिव्ह्जची यादी उघडा. ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट मिळते. त्यात तीन गोष्टी बघायच्या: परीक्षेचा कोड, सिस्टिमचं नाव आणि व्हर्जन, आणि परीक्षा प्रश्नोत्तरांची आहे की प्रत्यक्ष मशीनवर काम करायची. सरावाची सिस्टिम या तीन उत्तरांवरून ठरते. दिसायला छान, हलकी, सगळे वापरतात म्हणून, या कारणांनी निवडलेली सिस्टिम रोजच्या वापराला उत्तम असेल, पण परीक्षेत हात अडखळतात.

प्रश्नोत्तरांच्या परीक्षेत थोडं इकडचं-तिकडचं चालून जातं. प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र पॅकेजचं नाव, कॉन्फिग फाइलची जागा, सर्व्हिसचं नाव, सगळं जसंच्या तसं हाताशी लागतं. उबंटूवर वेब सर्व्हरचं पॅकेज अपाचे-टू, तर रेड हॅटवर एचटीटीपीडी. उबंटूवर ॲडमिन युजर सुडो ग्रुपमध्ये, रेड हॅटवर व्हील ग्रुपमध्ये. फायरवॉल आणि प्रोग्रामांवर मर्यादा घालणारी सुरक्षा यंत्रणा हीदेखील वेगळी: एकीकडे यूएफडब्ल्यू आणि ॲपआर्मर, दुसरीकडे फायरवॉलडी आणि एसईलिनक्स. उबंटूवर महिनोन्‌महिने सराव करून आरएचसीएसएला, म्हणजे रेड हॅटच्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर परीक्षेला, बसणाऱ्याची एसईलिनक्सशी पहिली गाठ परीक्षेतच पडते.

आरएचसीएसए: इथे तडजोड नको

ही परीक्षा पूर्णपणे प्रात्यक्षिक आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ज्या मोठ्या व्हर्जनवर तुमची परीक्षा आहे, नऊ असो वा दहा, त्याच व्हर्जनवर सराव करा. पर्याय तीन आहेत.

पहिला, खुद्द रेड हॅट. व्यक्तींसाठीचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन मोफत आहे आणि त्यात 16 सिस्टिम रजिस्टर करता येतात. आमचा कौल यालाच. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कच्या फाइल, दोन प्रकारचे मिळतात. छोटा बूट आयएसओ न घेता पूर्ण डीव्हीडी आयएसओ घ्या. मशीन रजिस्टर केलं नाही तर पॅकेज टाकणाऱ्या डीएनएफ कमांडला एकही रिपॉझिटरी (पॅकेजचा साठा) दिसत नाही आणि पॅकेज टाकता येत नाही. अशा वेळी डीव्हीडी आयएसओ माउंट करून त्यातल्या बेसओएस आणि ॲपस्ट्रीम या दोन फोल्डरांच्या स्थानिक रिपॉझिटरी तयार करता येतात. रिपॉझिटरी जोडणं हे या परीक्षेच्या अभ्यासक्रमातलंच काम आहे, म्हणून ते एकदा तरी हाताने करून बघाच.

दुसरा, रॉकी किंवा अल्मालिनक्स. दोन्ही रेड हॅटशी सुसंगत राहतात, खातं लागत नाही, आणि कमांड सगळ्या त्याच. फक्त सबस्क्रिप्शन रजिस्टर करण्याचा भाग राहून जातो.

तिसरा, सेंटओएस स्ट्रीम. यातले बदल रेड हॅटमध्ये नंतर येतात, म्हणजे तो किंचित पुढे असतो. शिकायला चालेल, शेवटच्या टप्प्यातल्या सरावाला नको. फेडोरा तर त्याहून बराच पुढे. आणि जुन्या व्हिडिओंमध्ये दिसणारं सेंटओएस 7 आता टाकूच नका. त्याचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला आणि मूळ रिपॉझिटरीचे पत्ते बंद झाल्यामुळे पहिल्याच अपडेटला एरर येते.

व्हर्जन दहासाठी एक अडचण आधीच तपासा. त्याला एक्स-86-64-व्ही-3 पातळीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे एव्हीएक्स-टू हा सूचनासंच असलेला. जुन्या लॅपटॉपवर आणि काही स्वस्त प्रोसेसरांवर ते बूटच होत नाही. अशा मशीनसाठी अल्मालिनक्स 10 ने व्ही-2 पातळीचं वेगळं बिल्ड दिलेलं आहे, ते वापरा.

आता या परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क कुठे जातात ते बघा. केलेलं प्रत्येक काम मशीन रीबूट झाल्यावरही टिकलं पाहिजे, अशी अटच आहे. सर्व्हिस स्टार्ट केली पण इनेबल केली नाही, तर रीबूटनंतर ती बंद. फायरवॉलडीमध्ये पोर्ट उघडला पण पर्मनंट पर्याय दिला नाही, तर तो पुन्हा बंद. एसईलिनक्सचं बूलियन (चालू-बंद सेटिंग) मोठ्या ‘पी’ पर्यायाशिवाय बदललं, तर ते जुन्या जागी. पार्टिशन माउंट केलं पण एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय माउंट करायचं त्याची फाइल) ओळ टाकली नाही, तर तेही गायब. आणि एफएसटॅबमध्ये यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळखक्रमांक, चुकीचा पडला, तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं आणि त्यावरचं बाकी बरोबर कामही वाया जातं. म्हणून एफएसटॅब बदलल्यावर लगेच रीबूट न करता आधी माउंट कमांड ‘ए’ पर्यायाने चालवा आणि फाइंडमाउंटच्या व्हेरिफाय पर्यायाने फाइल तपासून घ्या. एरर दिसली तर तिथेच दुरुस्त होते.

रूटचा पासवर्ड बूटच्या वेळी बदलण्याचा सरावही याच कारणासाठी योग्य व्हर्जनवर हवा. ग्रब या बूटलोडरमध्ये नेमकं काय टाकल्यावर शेल मिळतो, हे व्हर्जननुसार बदललं आहे. पासवर्ड बदलल्यावर ऑटोरीलेबलची फाइल (एसईलिनक्सची लेबलं पुन्हा लावायला सांगणारी) बनवायची राहिली, तर एसईलिनक्स पासवर्डची शॅडो फाइल वाचू देत नाही आणि बरोबर पासवर्ड टाकूनही लॉगिन होत नाही.

लिनक्स प्लस आणि एलपीआयसी-1

लिनक्स प्लस कॉम्पटियाची, एलपीआयसी-1 लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची. या दोन्ही परीक्षा एका डिस्ट्रिब्युशनला, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराला, बांधलेल्या नाहीत, म्हणून इथे दोन मशीन लागतात: एक डेबियन किंवा उबंटू एलटीएस (दीर्घ सपोर्टचं व्हर्जन), आणि एक रॉकी किंवा अल्मा. प्रत्येक काम दोन्हीकडे करायचं. लॉग उबंटूवर सिसलॉगमध्ये मिळतो, रॉकी-अल्मावर मेसेजेसमध्ये. लॉगिनच्या नोंदी उबंटूवर ऑथ-डॉट-लॉगमध्ये, रॉकी-अल्मावर सिक्युअरमध्ये. एलपीआयसीच्या 101 पेपरात झिपरचाही, म्हणजे ओपनसूझेच्या पॅकेज टूलचाही, उल्लेख येतो. तेवढ्यासाठी ओपनसूझे कायमचं ठेवायची गरज नाही, एक संध्याकाळ पुरे.

विंडोजच्या परीक्षा

कॉम्पटिया ए प्लस या पीसी सपोर्टच्या परीक्षेच्या 220-1202 पेपरात ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग 28 टक्के आहे आणि त्यातलं बहुतेक विंडोज आहे. लॅपटॉपवर विंडोज होम असेल तर एवढ्यावर भागत नाही. होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर नाही, डोमेन (एका सर्व्हरवरून सांभाळलेलं ऑफिसचं नेटवर्क) जॉइन करता येत नाही, हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची सोय) नाही, आणि बाहेरून रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरता येत नाही. परीक्षेत हेच फरक विचारतात. लायसन्स विकत घेऊ नका. मायक्रोसॉफ्ट विंडोज 11 एंटरप्राइझची 90 दिवसांची इव्हॅल्युएशन कॉपी देतं, ती व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरात चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरात, टाका. मशीन बनवताना 2 कोअर, 4 जीबी रॅम, 64 जीबी डिस्क, सिक्युअर बूट आणि टीपीएम 2.0 (सुरक्षा चिप) हे सगळं दिलेलं असू द्या. यातलं काही राहिलं तर हा पीसी विंडोज 11 चालवू शकत नाही, असं सांगून इन्स्टॉलर थांबतो.

सर्व्हरच्या परीक्षांसाठी, म्हणजे एझेड-800 आणि एझेड-801 साठी, विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन 180 दिवस चालते. पहिल्या 10 दिवसांत तिला इंटरनेटवर ॲक्टिव्हेट होऊ द्या, नाहीतर सर्व्हर आपोआप बंद पडायला लागतो. इन्स्टॉल करताना डेस्कटॉप एक्सपिरियन्स निवडायचं की ग्राफिकल डेस्कटॉप नसलेलं सर्व्हर कोअर, हे तिथेच नीट बघा. नंतर एकातून दुसऱ्यात जाता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करावं लागतं.

डोमेनचा सराव करताना क्लायंट जॉइन होत नसेल तर कारण बहुतेक वेळा एकच असतं: क्लायंटचा डीएनएस राउटरकडे बघत असतो. तो डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरच्या, आयपीवर लावा. आणि कंट्रोलर व क्लायंट यांचे स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) दोन्ही मशीन बंद करून एकाच वेळी घ्या. फक्त क्लायंटच महिनाभर मागे नेला, तर त्याचा मशीन पासवर्ड डोमेनशी जुळत नाही आणि ट्रस्ट रिलेशनशिप तुटल्याची एरर येते.

बाकीच्या

सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेसाठी ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न जवळपास नाहीच. पॅकेट ट्रेसर हा तिचा सिम्युलेटर विंडोज, मॅक आणि उबंटूवर चालतो. सीकेए या कुबरनेटीसच्या (कंटेनर सांभाळणाऱ्या सिस्टिमच्या) परीक्षेसाठी उबंटू घ्या आणि क्युबॲडम टूलने क्लस्टर उभा करा. क्लस्टर चालवणाऱ्या कंट्रोल प्लेन मशीनला 2 सीपीयू आणि 2 जीबी रॅमपेक्षा कमी दिलं तर सुरुवातीच्या तपासणीतच ते अडतं, आणि स्वॅप बंद नसेल तर क्युबलेट ही कुबरनेटीसची सर्व्हिस सुरू होत नाही. काली लिनक्स फक्त पेनिट्रेशन टेस्टिंगच्या, म्हणजे परवानगीने सिस्टिम भेदून तपासण्याच्या, परीक्षांसाठी. लिनक्स शिकायला म्हणून काली टाकू नका. ती टूल्सची पेटी आहे, सर्व्हर सांभाळण्याचा सराव तिच्यावर होत नाही.

मशीन कुठे चालवायचं

ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम, टाळा. बूटलोडर आणि पार्टिशन बिघडवून परत दुरुस्त करणं हाच सराव आहे, आणि तो ज्या डिस्कवर तुमचा सगळा डेटा आहे तिच्यावर करायचा नसतो. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स, कमांड पाठ करायला ठीक आहे. पण त्यात ग्रब नाही, कर्नल मायक्रोसॉफ्टचं आहे, आणि डिस्क व नेटवर्कचं काम खऱ्या सर्व्हरसारखं होत नाही.

उरतं व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे, आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही नोव्हेंबर 2024 पासून सगळ्यांसाठी मोफत आहे. आधी बायोसमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही (प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू करा. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर विंडोजचा हायपर-व्ही मधे बसलाय आणि मशीन म्हणूनच रेंगाळतंय. मेमरी इंटिग्रिटी आणि विंडोज फीचर्समधले हायपर-व्हीचे पर्याय बंद करून रीस्टार्ट केल्यावर बहुधा ते जातं. मात्र डब्ल्यूएसएल-2 वापरत असाल तर तेही मग चालणार नाही. एम सिरीजच्या मॅकवर यूटीएम या व्हर्च्युअल मशीनच्या ॲपमध्ये आर्म प्रोसेसरसाठीचं बिल्ड टाका. रेड हॅट, रॉकी, अल्मा आणि उबंटू सगळ्यांची आर्म बिल्ड आहेत. इंटेलसाठीचा आयएसओ तिथे एम्युलेशनवर चालतो आणि अतिशय संथ असतो.

8 जीबी रॅम असेल तर प्रत्येकी 2 जीबी देऊन डेस्कटॉपशिवायची दोन लिनक्स मशीन चालतात. विंडोज सर्व्हर आणि क्लायंट एकत्र चालवायला 16 जीबी हवेत, आणि डिस्क एसएसडीच. लिनक्सच्या प्रत्येक मशीनला 20 जीबीच्या मुख्य डिस्कशिवाय 5 जीबीची आणखी एक रिकामी डिस्क जोडा. एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणं), स्वॅप आणि पार्टिशनचा सगळा सराव तिच्यावर करायचा.

दोन मशीन एकमेकांना पिंग करत नाहीत, हा नवख्यांचा हमखास अडथळा. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅट मोडमध्ये प्रत्येक मशीन आपल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये असतं आणि प्रत्येकाला 10.0.2.15 हाच पत्ता मिळतो. दोन्हीकडे तोच आयपी दिसला की समजून जा. इंटरनेटसाठी नॅट तसाच ठेवा आणि दुसरा अडॅप्टर होस्ट-ओन्लीवर (फक्त तुमचा कॉम्प्युटर आणि ही मशीन यांचं नेटवर्क) जोडा; मग 192.168.56 ने सुरू होणारे वेगवेगळे पत्ते मिळतात.

मशीन क्लोन करताना नवीन मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) तयार करण्याचा पर्याय निवडा. उबंटू सर्व्हरवर तेवढं पुरत नाही. त्याचा डीएचसीपी क्लायंट (आयपी मागणारा भाग) स्वतःची ओळख मशीन-आयडीवरून देतो, म्हणून मॅक वेगळा असूनही दोन्ही क्लोनना एकच आयपी मिळू शकतो. क्लोनमधली ईटीसी फोल्डरातली मशीन-आयडी फाइल रिकामी करून रीबूट करा, नवीन आयडी आपोआप तयार होतो. फाइल डिलीट करू नका, फक्त रिकामी करा.

पहिलं इन्स्टॉलेशन आणि अपडेट झाल्यावर मशीन बंद करून एक स्वच्छ स्नॅपशॉट घ्या आणि प्रत्येक सराव-पेपरानंतर त्यावर परत या. स्नॅपशॉटवर स्नॅपशॉट रचत गेलात तर डिस्क भरते आणि मशीन मंदावतं, दोन पुरेत. परीक्षेची तारीख बुक करताना परीक्षेचा कोड आणि व्हर्जन पुन्हा एकदा यादीशी ताडून बघा. मधल्या काळात नवं व्हर्जन आलं असेल तर लॅबही त्याच व्हर्जनवर नव्याने उभी करा.