आजीचं आयुष्य सालवार कसं लावायचं

"लग्न कोणत्या साली झालं?" असं आजीला विचारू नका. साल बहुधा आठवत नसतं, पण विचारणाऱ्याचं मन राखायला ती एखादं सांगून टाकते आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो. त्यापेक्षा तिच्या भागातली मोठी घटना धरा. पुण्याकडे 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर, पाटण-कराडकडे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, मराठवाड्यात रझाकार आणि सप्टेंबर 1948 ची पोलीस ॲक्शन, अलिबागकडे 17 जुलै 1947 ला बुडालेली रामदास बोट. मग विचारा: तेव्हा कडेवर कोण होतं? पोटात कोण होतं? सासरी होतीस की माहेरी?

"पानशेतला थोरला रांगत होता" एवढं उत्तर पुष्कळ झालं. मूल साधारण सातव्या ते दहाव्या महिन्यात रांगतं, म्हणजे थोरला सप्टेंबर ते डिसेंबर 1960 मधला. शिस पेनने लिहा. दुसरा पुरावा जुळला की शाई.

दुष्काळ आणि लढाया आठवणीत एकमेकांत मिसळतात. अशा वेळी ताटातलं विचारा. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), सुकडी (दुष्काळी कामावर वाटलेला कोरडा खाऊ) आणि खडी फोडायचं काम एकत्र आलं, तर तो 1972 चा दुष्काळ. शास्त्रीजींच्या सांगण्यावरून सोमवारी रात्रीचं जेवण सोडलं असेल, तर लढाई 1965 ची. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले ती 1962 ची.

नाण्यांवरून साल काढताना जपून. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले, पण पंचवीस पैशांना "चार आणे" म्हणणं पुढे कित्येक वर्षं चाललं. म्हणून रुपयाचे पैसे किती होते ते विचारा. चौसष्ट म्हणाली, तर गोष्ट जुन्या पैशांची.

आता कागद. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून असेल तर ती सहसा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. कोतवाल बुकातली (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली) जन्मनोंद मिळाली तर ती जास्त भरवशाची. वडील कधी गेले ते ठरवायला सातबाऱ्यावरचा वारसाचा फेरफार (जमिनीवर वारसांची नावं लागल्याची नोंद) काढा. मात्र ही नोंद मृत्यूनंतर काही वर्षांनीही झालेली असू शकते, म्हणून मजकुरातली मृत्यूची तारीख बघा, फेरफाराची नको.

जन्मपत्रिकेत शके असेल तर 78 मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींना 79. शके 1870 चा माघ म्हणजे 1949.


वयाचं उत्तर आलं की "पुरं झालेलं की लागलेलं?" हेही विचारून घ्या. एक वर्षाची चूक बहुतेक वेळा इथेच सापडते.